रुमाल उचलून देऊ का?

"मुलाच्या हातून रुमाल पडला की आपण उचलून द्यायचा ना?" एक हात कमजोर असलेल्या मुलांच्या उपचारात जगलिंगसारखे (वस्तू हवेत उडवून झेलण्याचे) सर्कशीतले खेळ कसे वापरायचे, याच्या आजच्या प्रशिक्षणात एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) विचारलं. प्रश्न साधाच, पण डोक्यातून जाईना.

नाही द्यायचा. वाकणं, वजन एका पायावर घेणं, पुन्हा सरळ होणं, हा व्यायामच आहे. तोल जाण्याचा धोका असेल तर बसवून, समोर टेबल ठेवून सुरुवात करा. म्हणजे रुमाल टेबलावरच पडतो.

जगलिंगची सुरुवात चेंडूने नकोच. पातळ नायलॉनचा रुमाल हवेत रेंगाळतो, हाताला वेळ मिळतो. एकच रुमाल मधोमध चिमटीत धरायचा, हात छातीसमोरून तिरका नेत दुसऱ्या खांद्याच्या वर सोडायचा, आणि त्या बाजूच्या हाताने वरून झडप घालायची. दुसरा रुमाल सोडायचा तो पहिला सर्वांत उंच पोचल्यावरच. गाडी अडते ती इथे. दोन्ही एकदम उडतात, नाहीतर दुसरा हळूच या हातातून त्या हातात सरकवला जातो. तसं झालं की मुकाट्याने एका रुमालावर परत यायचं.

आणि थेरपिस्ट मंडळींना बोलायची भारी घाई! "वर बघ, कोपर खाली, आता सोड." एका वेळी एकच सूचना पुरे.

काठीच्या टोकावर फिरणाऱ्या थाळीचं उलटं. ती आपण फिरवून, काठीसकट मुलाच्या हातात द्यायची. मनगट गोल फिरवायला नंतर शिकवता येतं.

नोंदवहीत मात्र फक्त "किती वेळा झेलला" येतं. कमजोर हात न सांगता किती वेळा वर गेला, हे कोण लिहितं?