डिस्क वाढवली, तरी जागा वाढेना

कॉलेजांच्या ग्रंथालयांचे कोहा (ग्रंथालय चालवण्याचं सॉफ्टवेअर) सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम. नाशिक आणि आसपासची काही ग्रंथालयं माझ्याकडे आहेत. बहुतेकांचं कोहा डेबियन लिनक्सवर, केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, म्हणजे एका खऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनमध्ये. त्याची डिस्क म्हणजे होस्टवरची एक फाइल. मशीन उभं करताना ‘४० जीबी म्हणजे खूप झाले’ असं कोणीतरी म्हटलेलं असतं. मग काही वर्षांनी, हटकून परीक्षांच्या तोंडावर, ग्रंथपाल मॅडमचा फोन येतो, ‘सर, पुस्तकं इश्यूच होत नाहीयेत.’ लॉग उघडला की मारियाडीबी या डेटाबेसचा एरर कोड २८ दिसतो. डिस्कवर जागा नाही.

अशा वेळी डिस्क वाढवायची घाई करू नका. आधी जागा कोणी खाल्ली ते बघा. फोल्डरची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ कमांडला ‘व्हार’ फोल्डरवर सोडलं की दोन मिनिटांत कळतं. कोहाच्या बाबतीत ठरलेले गिऱ्हाईक तीन: ‘व्हार-लॉग’मधले लॉग, साफसफाईची क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडल्यामुळे फुगलेलं लॉगिन सेशन्सचं टेबल, आणि ‘व्हार-स्पूल-कोहा’मधले डेटाबेसचे रोजचे डंप (प्रती). डंप त्याच डिस्कवर पडून राहत असतील तर त्याला मी बॅकअप म्हणत नाही. डिस्क गेली की दोन्ही एकदमच जाणार. मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) बघून घ्या. कधी जीबी शिल्लक असतात आणि आयनोडच संपलेले असतात, तेव्हाही एरर हाच येतो.

हे सगळं बघूनही जागा खरोखरच कमी पडत असेल, तर वाढवायची. आणि आधी कॉपी काढायची. मशीन नीट बंद करून डिस्कची अख्खी फाइल दुसऱ्या भौतिक डिस्कवर न्यायची. यावर मी कुणाचंच ऐकत नाही. त्या फाइलमध्ये एखाद्या ग्रंथपालाने कित्येक वर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन केलेल्या नोंदी असतात: लेखक, वर्गांक, दाखल क्रमांक, बारकोड. ते काम पुन्हा करायला कोणीही बसणार नाही.

होस्टवर काम फार नाही. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या ‘व्हर्श’ कमांडच्या ‘डॉमब्लकलिस्ट’ने त्या मशीनची डिस्क-फाइल नेमकी कुठली ते कळतं. अंदाजाने फाइल उचलू नका, शेजारी जुन्या नावाची दुसरी फाइल पडलेली असू शकते. मशीन बंद असताना ‘क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ’, फाइलचं नाव आणि पुढे ‘+२०जी’. अधिकचं चिन्ह दिलं तर तेवढी भर पडते, नाही दिलं तर तो आकडा एकूण मापाचा समजला जातो. चालू मशीनच्या फाइलला ही कमांड कधीही लावायची नाही, फाइल खराब होऊ शकते. मशीन बंद करता येत नसेल तर ‘व्हर्श ब्लॉकरिसाइझ’ आहे. तिथे मात्र एकूण मापच द्यायचं आणि आकड्यापुढे ‘जी’ लिहायचा, कारण नुसता आकडा ती किबीबाइटमध्ये धरते.

होस्टवरची मोकळी जागाही याच वेळी बघा. क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क-फाइल लागेल तशी वाढते, त्यामुळे होस्टवर ३० जीबी उरलेले असतानाही तुम्ही ६० जीबीचं आश्वासन देऊन बसू शकता. होस्टची डिस्क भरली की ते मशीन आपोआप थांबवून ठेवलं जातं. ‘व्हर्श लिस्ट’मध्ये त्याच्यापुढे ‘पॉज्ड’ दिसतं आणि ग्रंथालयात सगळं गोठतं. होस्टवर जागा करून ‘व्हर्श रिझ्युम’ दिल्याशिवाय ते हलत नाही.

आता मशीन चालू करून आत लॉगिन करायचं आणि ‘डीएफ’ बघायचं. जागा पूर्वीइतकीच! बरेच जण इथे गांगरतात आणि होस्टवर जाऊन डिस्क आणखी वाढवतात. पण बिघडलेलं काहीच नसतं. ‘डीएफ’ला फक्त फाइल सिस्टम, म्हणजे फाइली ठेवण्याची मांडणी, दिसते, आणि ती सगळ्यात आतली. बाहेरून आत यायचं तर क्रम असा: आधी डिस्क, मग पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग), एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तर त्याचे थर, आणि शेवटी फाइल सिस्टम. आतापर्यंत आपण फक्त डिस्क वाढवली. म्हणून प्रत्येक पायरीनंतर मी ‘एलएसबीएलके’ चालवतो. वाढलेली जागा कुठवर पोचली ते ती एका नजरेत दाखवते.

जुन्या डेबियन मशीनवर ‘एलएसबीएलके’ साधारण असं चित्र दाखवते: व्हीडीए, म्हणजे अख्खी डिस्क, ६० जीबी, त्यात व्हीडीए१ ३९ जीबी, व्हीडीए२ फक्त १ केबी आणि व्हीडीए५ ९७५ एमबी. त्या १ केबीच्या पार्टिशनकडे बघून घाबरू नका. ते एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, आणि व्हीडीए५ म्हणजे त्याच्या पोटातलं स्वॅप, रॅम कमी पडली की वापरायची जागा. खरी अडचण त्यांच्या जागेची आहे. रूट पार्टिशन, म्हणजे सगळी सिस्टम असलेलं व्हीडीए१, संपतं तिथे स्वॅप सुरू होतं, आणि नवे २० जीबी स्वॅपच्या पलीकडे. पार्टिशन सलगच वाढतं, मधलं ओलांडून जात नाही. त्यामुळे पार्टिशन वाढवणारं ‘ग्रोपार्ट’ चालवलं की ते ‘नोचेंज’ म्हणून हात वर करतं.

तेव्हा आधी स्वॅप हटवायचं. ‘स्वॅपऑफ’ने बंद करून ‘पार्टेड’ने आधी ५ आणि मग २ नंबरचं पार्टिशन काढायचं. मग ‘ग्रोपार्ट’, पुढे डिस्कचं नाव, एक स्पेस आणि १. डिस्क आणि नंबर यांच्यात ती स्पेस हवीच. पार्टिशनची सुरुवात जिथल्या तिथे ठेवून ‘ग्रोपार्ट’ फक्त शेवट पुढे सरकवतं, आणि हे चालू रूटवरही होतं. पूर्वी ‘एफडिस्क’मध्ये पार्टिशन पुसून त्याच सेक्टरपासून, बहुधा २०४८पासून, पुन्हा बनवायचो. अजूनही तसं करता येतं, पण जुनी एक्स्ट४ या फाइल सिस्टमची सही (ओळखखूण) काढू का असं ते विचारतं, तिथे ‘नो’च म्हणायचं. ‘ग्रोपार्ट’ हाताशी असताना मी त्या वाटेला जात नाही. डेबियनवर ते ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ या पॅकेजमधून येतं. सगळ्यात शेवटी फाइल सिस्टम वाढवणारं ‘रिसाइझ२एफएस’ व्हीडीए१वर. काही सेकंदांत ‘डीएफ’चा आकडा बदलतो, आणि मशीन सगळा वेळ चालूच असतं.

फाइल सिस्टम एक्स्ट४ऐवजी एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ला पार्टिशनऐवजी माउंटची जागा (ते जिथे जोडलंय तो फोल्डर) द्यायची. एक्सएफएस वाढतं, पण पुन्हा लहान करता येत नाही असंच धरून चाला, तेव्हा माप विचार करून ठरवा. उबुंटू सर्व्हरवर एलव्हीएम असेल तर डिस्कला हात लावण्याआधी ‘व्हीजीएस’ चालवून बघा. इन्स्टॉलर पुष्कळदा रूटला निम्मीच जागा देतो आणि उरलेली व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या साठ्यात, तशीच पडून असते. तिथे ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ हा पर्याय दिला की लॉजिकल व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टम दोन्ही एकदम वाढतात, आणि होस्टकडे जावंच लागत नाही.

स्वॅप काढलं ते परत द्यायला हवं. रूटवरच २ जीबीची स्वॅप फाइल करायची, परवानगी ६००, मग ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’. बूट होताना काय जोडायचं याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमधली जुन्या स्वॅपची ओळ बदलायची. इथे थांबू नका. डेबियनच्या ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये ‘रिझ्युम’ नावाची फाइल असेल, तर तिच्यात काढून टाकलेल्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) अजून शिल्लक असतो. तो राहिला तर पुढच्या बूटला मशीन त्या नसलेल्या स्वॅपची वाट बघत काही वेळ अडून राहतं. तिथे ‘नन’ लिहायचं, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत, स्वतः समोर असताना, एकदा रीबूट करून बघायचं. काही राहिलंच असेल तर ते तेव्हाच सापडावं, महिन्याभराने लाइट गेल्यावर नको.

नव्या मशीनवर मी आता स्वॅपचं पार्टिशन करतच नाही. डेटाबेससाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क देतो, आणि तिच्यावर पार्टिशन न करता थेट एक्स्ट४ घालतो. ती भरत आली की होस्टवर ‘ब्लॉकरिसाइझ’, आत ‘रिसाइझ२एफएस’, झालं काम. इश्यू काउंटरवरच्या मुलांना कळतही नाही. फक्त ‘एफडिस्क’मध्ये अशी डिस्क रिकामी दिसते, म्हणून तिला लेबल देतो आणि ती कशाची आहे ते एफएसटॅबमध्ये कॉमेंट करून लिहून ठेवतो. माझ्यानंतर हा सर्व्हर बघणाऱ्याने ती कोरी समजून तिच्यावर पार्टिशन करायला नको.