छोटे कॅटापल्ट, पुढचा टप्पा: आडव्या पट्टीची जागा

फोंड्यातील आमच्या वाड्यावरच्या मुलांनी आइसक्रीमच्या काड्या, रबरबँड आणि चमचा यांचा कॅटापल्टचा (वस्तू फेकणाऱ्या यंत्राचा) प्राथमिक नमुना आता मागे टाकला असून, बांबूच्या चौकटीत पीळ दिलेल्या दोरीच्या जोरावर चालणारा, रोमन सैन्यातील ओनेजर या दगड फेकणाऱ्या यंत्राच्या धर्तीचा नमुना उभा केला आहे. चौकटीचे सांधे केवणी या झुडपाच्या सालीने बांधले आहेत. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) बांधण्यासाठी वापरली जाणारी ही साल भिजवून घेतली की बांधताना लवचीक राहते आणि वाळल्यावर गाठ कडक होते. पिळासाठी मात्र काथ्याचा दोर फार ताठर पडला, म्हणून सुती दोरी घेतली.

सर्वाधिक वेळ चिंचोका फेकणाऱ्या भुजेला, म्हणजे फिरत्या दांड्याला, अडवणाऱ्या आडव्या पट्टीवर गेला, आणि माझ्या मते या नमुन्यातील खरे अभियांत्रिकी शिक्षण तिथेच आहे. भुजा जितकी पुढे येईल तितका चिंचोका लांब जाईल, असा मुलांचा अंदाज होता. प्रत्यक्षात भुजा पट्टीवर आदळून थांबते तेव्हा चिंचोका खोबणीतून सुटतो आणि त्या क्षणी त्याची दिशा भुजेशी काटकोनात असते. त्यामुळे भुजा पूर्ण उभी होऊ दिली तर तो आडवा सुटून जवळच पडतो, आणि ती उभी होण्याच्या 45 अंश अलीकडे अडवली तर 45 अंशांच्या कोनात वर जातो. चौकटीत पट्टीसाठी ओळीने भोके पाडून मुलांनी प्रत्येक जागेचा पल्ला टेपने मोजला. पीळ, चिंचोका आणि भुजेची लांबी तीच ठेवून केवळ पट्टी हलवायची, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला, याचे मला विशेष कौतुक वाटते.

ओसरीच्या कट्ट्यावरून अंगणात मारा केला तेव्हा 45 अंशांपेक्षा थोडा कमी कोन सरस ठरला. सुटण्याची जागा पडण्याच्या जागेहून उंच असली की असेच घडते, हे त्यांना आकृती काढून दाखवता आले. हलका थर्माकोलचा गोळा चिंचोक्यापेक्षा अलीकडे का पडतो, या प्रश्नातून हवेच्या विरोधाचा विषयही ओघाने आला. मारा करताना सर्वांनी चश्मे घालावेत आणि भुजेसमोर कोणीही उभे राहू नये, ही अट कायम आहे.

आता ट्रेब्युशे, म्हणजे जड वजन खाली येण्याच्या जोरावर भुजा फिरवून वस्तू फेकणारे यंत्र, घेणार आहोत. टेकू मध्ये असल्याने ही पहिल्या प्रकारची तरफ होते. तिच्या लांब आणि आखूड बाजूंचे प्रमाण 4:1 ठेवून आखूड टोकाला वाळूची पिशवी लावायची आहे. पिशवी भुजेला घट्ट बांधण्यापेक्षा लोंबती ठेवली तर ती अधिक सरळ खाली येते, म्हणून प्रथम तोच प्रकार तपासू. भुजेच्या लांब टोकाची गोफण सोडणारा खिळा किती वाकवावा, याविषयी ज्यांनी लहान आकारात काम केले आहे त्यांनी आपली मोजमापे अवश्य कळवावीत.