नागपूरचा नाताळ: सदरच्या चांदण्या, धरमपेठेच्या काचा आणि कापसाचा बर्फ

नाताळची रोषणाई बघायला नागपूरला निघाला असाल तर मुक्काम कुठेही करा, पण संध्याकाळ सदर या भागासाठी राखून ठेवा. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, झगमगाट आहे, धरमपेठेत सजवलेल्या काचा आहेत, मॉलमध्ये छताला टेकणारी झाडं आहेत. तरी नाताळ घराघरांतून दिसतो तो सदरमध्येच, आणि तो पायी फिरल्याशिवाय दिसत नाही.

आम्ही यवतमाळहून एसटीने गेलो. सोबत आई आणि बारा वर्षांची भाची. गणेशपेठ बसस्थानकावर उतरलात की कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन जवळच आहे. तिथून पुढचं स्टेशन सीताबर्डी. दोन्ही मार्गिका तिथेच एकमेकींना मिळतात, त्यामुळे मार्गिका बदलायची तर हे स्टेशन लागतंच. सदरसाठी ऑरेंज लाइनने कस्तुरचंद पार्कला उतरायचं आणि पुढे ऑटो करायचा. धरमपेठेसाठी अ‍ॅक्वा लाइनने शंकरनगर चौक. स्वतःची गाडी असली तरी संध्याकाळी ती हॉटेलवरच ठेवा. सदरच्या गल्ल्यांत त्या आठवड्यात दुचाकी लावायलाही जागा सापडत नाही.

मुक्कामाचं आधी बघा. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. ते कधी सुरू होऊन कधी संपेल हे दरवर्षी बदलतं. ते चालू असताना सिव्हिल लाइन्स आणि बर्डीच्या आसपासची हॉटेलं भरलेली असतात, मोर्चांमुळे रस्ते वळवलेले असतात आणि ऑटोवाले लांबून फिरवून नेतात. अधिवेशनाच्या तारखा पाहूनच खोली घ्या. ते नाताळाआधी संपलं असेल तर रस्ते मोकळे मिळतात आणि खोल्याही बऱ्या भावात मिळतात.

पहिल्या संध्याकाळी धरमपेठेत गेलो. वेस्ट हायकोर्ट रोडवर कपड्यांची, खेळण्यांची, भेटवस्तूंची दुकानं ओळीने आहेत आणि बहुतेकांनी काच सजवलेली होती. लाल टोप्या, चंदेरी गोळे, रेनडियर सगळीकडे होते. एका दुकानाच्या काचेपाशी मात्र आई थांबली ती हललीच नाही. आत लाकडाचं छोटं घर, त्याच्या छपरावर, अंगणात, कुंपणावर पांढराशुभ्र बर्फ. आईने काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "हा मेडिकलचा कापूस नाही, पिंजारलेला आहे. हे बघ, कवडी राहिलीये." खरंच, छपराच्या कडेला पिवळसर कवडीचा, म्हणजे नीट न फुललेल्या कडक कापसाचा, एक बारका तुकडा आणि वाळल्या पातीचा चुरा दिसत होता. आमच्या जिल्ह्यात वेचणी चालू असताना नागपूरच्या काचेत त्याच कापसाचा बर्फ पडलेला पाहून आईला झालेला आनंद मला त्या सगळ्या रोषणाईपेक्षा मोठा वाटला. दुकानदाराने आत बोलावून तिला जवळून दाखवलं. गादीवाल्याकडून आणतो म्हणाला. काचा बघायच्या असतील तर सात ते साडेआठची वेळ चांगली. दिवे लागलेले असतात आणि दुकानदाराला दोन शब्द बोलायला सवड असते.

बर्डीचा मेन रोड भाचीसाठी. फुटपाथवर टोप्या, चमकणारी शिंगं, दिव्यांच्या माळा, सगळं स्वस्त आणि घासाघीस करून. व्हरायटी चौकात खूप गर्दी असते, मुलाचा हात सोडू नका. एम्प्रेस मॉलमध्येही गेलो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली ती याच जागेवर, हे मी भाचीला सांगितलं. पण झाडाखाली फोटोची रांग इतकी मोठी की अर्धा तास त्यातच गेला. वेळ कमी असेल तर मॉल खुशाल गाळा.

आता सदर. चोवीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास पोहोचा, म्हणजे उजेडात बाजार आणि अंधारात रोषणाई असं दोन्ही पदरात पडतं. बेकऱ्यांत प्लम केकच्या लाल-सोनेरी कागदात गुंडाळलेल्या विटा रचलेल्या असतात, शेजारी कलकल (शिंपल्यासारखे तळलेले गोड तुकडे) आणि रोझ कुकीज (फुलाच्या आकाराच्या तळलेल्या कुरकुरीत). अंडं घातलेला आणि बिनअंड्याचा असे दोन्ही केक मिळतात. विचारूनच घ्या, आणि उशिरापर्यंत थांबू नका, कारण चांगल्या बेकऱ्यांतला माल संध्याकाळीच संपतो.

चांदण्या विकणाऱ्या एका पोराकडे आम्ही बराच वेळ थांबलो. कागदी चांदणी घडी घातलेली असते. ती उलगडून दोन कडा एकमेकींना बांधायच्या, मधल्या भोकातून होल्डर आत सोडायचा की झाली. आईने घरी साधा बल्ब आहे म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "काकू, साधा बल्ब नका लावा, कागद करपते न. एलईडीच टाका." खोक्यातून एक करपलेली चांदणीही काढून दाखवली, पाकळीच्या पोटाला तपकिरी डाग पडलेली. दोन घेतल्या. घडी घालूनच आणायच्या, बसमध्ये चुरगळत नाहीत.

अंधार पडला की गल्ल्यांत शिरा. प्रत्येक घराच्या गॅलरीत, फाटकावर, कुठे आंब्याच्या फांदीवर एक तरी चांदणी लागलेली असते. काही घरांच्या अंगणात येशूजन्माचा, गव्हाणीचा देखावा असतो. एका घरच्या आजींनी आम्ही फाटकाशी घुटमळताना पाहून स्वतःच आत बोलावलं. तणसाचं छप्पर, भुशाला हिरवा रंग देऊन केलेलं कुरण, मातीच्या गायी, मेंढ्या, योसेफ आणि मरिया. मधली गव्हाणी रिकामी होती. भाचीने विचारलं, बाळ कुठे आहे? आजी म्हणाल्या, "बारा वाजता येईल ना बेटा, आत्ता कसा राहील?" मध्यरात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी बाळ येशूची मूर्ती ठेवतात, तोवर जागा मोकळी. देखावा मांडायची ही रीत असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात रुजवली, असं मानतात. कुणाच्या अंगणात जाताना आधी हाक द्या आणि फोटो विचारूनच काढा. लोक प्रेमाने दाखवतात, पण ते त्यांचं घर आहे.

सदरची दोन कॅथेड्रलं, म्हणजे बिशपची मुख्य चर्च, चुकवू नका. ऑल सेंट्स कॅथेड्रल १८५१ सालचं, प्रोटेस्टंट परंपरेचं, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे. जुना दगड आणि त्यावर साध्या माळा. मला सगळ्यात आवडलेली रोषणाई हीच, कारण दिव्यांमुळे इमारत लपत नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिक आर्चडायोसिसचं, म्हणजे आर्चबिशपच्या धर्मप्रांताचं कॅथेड्रल. इथला देखावा मोठा असतो, आणि पंचवीसच्या संध्याकाळी तो बघायला सगळ्या धर्मांची माणसं लेकराबाळांसह येतात. चोवीसच्या रात्री आत बसायचं असेल तर लवकर जा. कोणत्या भाषेतली प्रार्थना किती वाजता हे फाटकावरच्या फलकावर आदल्या दिवशीच वाचून ठेवा. प्रार्थना चालू असताना मागे उभं राहावं, मोबाइल बंद ठेवावा. प्रसाद म्हणून जो पाव देतात तो त्या धर्माच्या लोकांसाठी असतो, त्या रांगेत उभं राहू नये.

ज्यांना त्या दोन दिवसांत जमत नाही त्यांनीही हिरमुसू नये. कॅथलिक चर्चमधला देखावा साधारण सहा जानेवारीपर्यंत असतो, घरांवरच्या चांदण्याही नवीन वर्ष लागेपर्यंत उतरत नाहीत. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर मी सव्वीस-सत्तावीसच सुचवेन.

मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते. मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर परतायचं तर अ‍ॅपवरची गाडी किंवा हॉटेलच्या ओळखीचा ऑटो आधीच ठरवा, ऐन वेळी भाडं दुप्पट सांगतात.

थंडी हलक्यात घेऊ नका. दुपारी स्वेटर काढावासा वाटतो, पण रात्री दहानंतर हुडहुडी भरते. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. कानटोपी, मोजे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी शाल हवीच. सकाळी उठून तर्री पोहे खा. वरून शेव, बाजूला चण्याचा लाल रस्सा. तिखट सोसत नसेल तर तर्री कमी टाकायला सांगा, तसं सांगितलं तर कुणी नाराज होत नाही.

येताना संत्री आणा. डिसेंबरात आंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचा, माल बाजारात असतो. साल थोडी सैल, फळ हाताला जड लागेल असं निवडा. रंग पूर्ण केशरी नसला तरी चालतं, हिरवट सालीतलंही गोड निघतं. संत्रा बर्फी घ्यायची तर शेवटच्या दिवशी, ताजी. आणि पंचवीस-सव्वीसच्या परतीचं एसटीचं आरक्षण जातानाच करून ठेवा. त्या दोन दिवसांत यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर सगळीकडच्या गाड्या भरून जातात.