जेट्टीची वेबडिफॉल्ट फाईल आज पूर्ण वाचली

दिवसभर स्टेजिंगच्या (चाचणीच्या) जेट्टीत, म्हणजे जावाची वेब ॲप्स चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये, डोकं घातलं होतं. व्हर्जन अजून ९.४ च, अपग्रेडचा विषय काढला की सगळे चहाला जातात.

काम म्हटलं तर छोटंसं होतं, सगळ्या ॲप्सना एकदाच डिरेक्टरी लिस्टिंग (फोल्डरमधल्या फायलींची यादी दाखवणं) बंद करायचं. प्रत्येक वॉरच्या (एका ॲपची बांधलेली फाईल) वेब डॉट एक्सएमएल मध्ये, म्हणजे त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन करता येतं पण अर्ध्या वॉर दुसऱ्या टीमच्या, त्यांच्या मागे कोण लागणार. त्यामुळे सरळ वेबडिफॉल्ट डॉट एक्सएमएल उघडली, म्हणजे कुठल्याही ॲपचं स्वतःचं वेब डॉट एक्सएमएल वाचायच्या आधी जेट्टी जी वाचते ती.

ती जेट्टी होमच्या (जेट्टी स्वतः जिथे इन्स्टॉल असते ते) ईटीसी फोल्डरमध्ये असते आणि होमला हात लावायचा नसतो, नवीन व्हर्जन टाकलं की होम अख्खं बदलतं. आपलं सगळं जेट्टी बेस नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. मग कॉपी बेसच्या ईटीसी मध्ये टाकली, स्टार्ट डॉट डी मधली डिप्लॉय मॉड्यूलची (ॲप्स चढवणारा भाग) आयएनआय सेटिंग फाईल उघडली, तिथे डिफॉल्ट्स डिस्क्रिप्टर पाथची ओळ आधीपासून कमेंटमध्ये लिहिलेलीच आहे, पुढचा हॅश काढला, झालं. मॉड्यूलवाली रचना मला म्हणूनच आवडते, कुठलं सेटिंग कोणाचं ते शोधत बसावं लागत नाही.

आता उघडलीच आहे तर म्हटलं पूर्ण वाचू. डिरअलाउड चक्क ट्रू! म्हणजे फोल्डरमध्ये इंडेक्स फाईल नसली की जेट्टी आतल्या फायलींची यादी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवणार. डेव्हलपमेंटला सोयीचं आहे हो, पण प्रॉडक्शनला कोण ठेवेल असं. ट्रेस मेथड (आलेली विनंती जशीच्या तशी परत पाठवणारी एचटीटीपी पद्धत) मात्र जेट्टीवाल्यांनी स्वतःच बंद केलीय, सेशन ३० मिनिटांचं, ते ठीक. युजफाईलमॅप्डबफर पण ट्रू, आणि आमच्यातले जे विंडोजवर काम करतात त्यांना सर्व्हर चालू असताना सीएसएस सेव्ह का करता येत नाही त्याचं उत्तर हे, फाईल मेमरीत मॅप झाली की विंडोज ती लॉक धरून बसतं. लिनक्सवाल्यांना याचा पत्ताच नसतो, मलाही नव्हता. डेव्हच्या कॉपीत फॉल्स केलं.

सगळ्यात मजा शेवटी शेवटी आली. लोकेलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत, ठरवायची लांबलचक यादी आहे, जपानीला शिफ्ट-जेआयएस, कोरियनला ईयूसी-केआर, लाटव्हियन आइसलँडिक सुद्धा आहेत आणि मराठी नाही. हिंदी पण नाही. कशी असणार म्हणा, ती यादी जुन्या आयएसओ-८८५९ या एन्कोडिंग मानकाच्या काळातली दिसते आणि त्यात देवनागरीचा भाग व्हायचा होता तो १९९७ मध्ये सोडूनच दिला. कोडमध्ये चारसेट (एन्कोडिंग) न सांगता नुसतं सेटलोकेल केलं तरच ही यादी कामाला येते, तरी एमआर आणि एचआय साठी यूटीएफ-८ च्या नोंदी टाकून दिल्या, आमच्या पावत्या मराठीत निघतात.

एक खटकतंय. अख्खी फाईल कॉपी केली म्हणजे पुढच्या व्हर्जनला मूळ फाईल बदलली तरी आपली जुनीच राहणार, आणि जेट्टी बारामध्ये तर प्रत्येक ईई (जावाच्या एंटरप्राइज मानकाची आवृत्ती) साठी वेगळी फाईल झालीय. ओव्हरराइड डिस्क्रिप्टर वापरला तर फक्त बदललेल्या ओळी ठेवता येतात, तो वेब डॉट एक्सएमएल नंतर वाचला जातो, म्हणजे ॲपवाल्यांनी स्वतः काही लिहिलं असलं तरी आपलंच चालणार. लिस्टिंगसाठी तेच बरं. फक्त दर ॲपला कॉन्टेक्स्टची (ते ॲप जेट्टीत कसं चढवायचं ते सांगणारी) एक्सएमएल लिहावी लागेल, ते सोमवारी बघू.