शेजाऱ्यांचं नेट

मे महिन्यात दुपारी एकनंतर दारव्ह्याच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सगळी बिल्डिंग आत, कूलरपुढे, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. नेमकं तेव्हाच नेट रांगायला लागतं. अशाच एका दुपारी पडद्यावर फिरणारा तो गोल बघून कंटाळलो आणि वायफायची यादी उघडून वाचत पडलो.

ही यादी वाचायचा मला छंदच आहे. दारावरच्या पाटीवर माणसं आडनाव लिहितात, मनातलं मात्र वायफायच्या नावात येतं. 'जय गजानन' दोन आहेत. एक तळमजल्याचं, दुसरं कुणाचं ते अजून कळलेलं नाही. एक 'फुकट मिळणार नाही'. एक 'बळीराजा', आणि ते आहे कापसाच्या अडत्याचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी आपल्या नेटचं नाव 'शकुंतला' ठेवलंय. पाहुण्यांना वाटतं बायकोचं नाव असेल. दारव्ह्याच्या माणसाला कळतंच. शकुंतला म्हणजे आमची आगगाडी: यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची नॅरोगेज, कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात घातलेली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली. आता तीही बंद. सरांच्या नेटचा वेग सांगायला एवढं पुरे.

भाच्यानं माझ्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलंय. त्यात प्रत्येकाचं वायफाय डोंगरासारखं उमटतं. आमच्या बिल्डिंगचे डोंगर एकमेकांत असे घुसलेत, की आपला कुठला ते शोधावं लागतं. ते बघता बघता मला गावची शाळा आठवली.

एक खोली, चार वर्ग, एक गुरुजी. पहिलीची बाराखडी, दुसरीच्या कविता, तिसरीची बेरीज आणि चौथीचे पाढे, सगळं एकाच वेळी आणि बेंबीच्या देठापासून. मी 'सतरा नव्वे' म्हणून दम घेतला की पलीकडून 'कमळातला क' यायचा आणि माझ्या तोंडून निघायचं, सतरा नव्वे कमळ. गुरुजी हजर असले की एका वर्गाचा आवाज, बाकीच्यांच्या पाट्या. ते पगाराच्या कामाला पंचायत समितीत गेले, की कौलं उडायची बाकी राहायची. खरी गंमत अशी, की एकाच वर्गाची पोरं एकमेकांना फारसा त्रास देत नसत. एकाचं झालं की दुसरा सुरू करी. घोळ घालायचा तो दोन वर्गांच्या मधे बसणारा एक पोट्टा. त्याला दोन्हीकडचं ऐकू येई. तो अर्धी बाराखडी आणि अर्धा पाढा म्हणे, आणि दोन्ही वर्ग बिघडत.

वायफायचं अगदी तसंच आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण ती एकमेकांच्या मांडीवर बसलेली. खरे वेगळे वर्ग तीनच: १, ६ आणि ११. एकाच चॅनलवरचे राउटर आधी ऐकतात, हवा मोकळी दिसली की बोलतात. वेळ लागतो, पण शिस्त राहते. ॲपमध्ये ३ नंबर मोकळा दिसला म्हणून कुणी तिथं जाऊन बसला, की तो झाला मधला पोट्टा. त्याला दोन्हीकडचा गोंगाट, दोन्हीकडच्यांना त्याचा. आमच्या रेडिओला वडील पोस्टातून परवाना काढत. या पट्ट्याला २००५ पासून परवानाही लागत नाही, मग गुरुजी कुठून येणार?

खालच्या मजल्यावरच्या भाऊंनी यावर उपाय म्हणून चार अँटेनांचा राउटर आणला. मला मुद्दाम बोलावून दाखवला.

"आता पाहा, कसा फेकून राह्यला!"

फेकत असेल. पण आतल्या खोलीतल्या मोबाइलला उलट उत्तर द्यायचं असतं, आणि त्याचा आवाज होता तेवढाच. हे मी त्यांना बोललो नाही. नव्या वस्तूबद्दल महिनाभर तरी बोलू नये.

राउटर आरशामागे ठेवू नका, मायक्रोवेव्हजवळ ठेवू नका, असं सगळे सांगतात. कूलरबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण ते सांगणारे विदर्भात राहत नाहीत. आमच्याकडे नेटवाला पोरगा वायर खिडकीतून आत घेतो आणि तिथंच खिळा ठोकून डबा टांगतो. हिवाळ्यात सगळं झकास. मार्चमध्ये त्याच खिडकीत कूलर येतो. पत्र्याची बॉडी, ओल्या ताट्या, टाकीभर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी पिऊन टाकतं. मग एप्रिलभर कंपनीला शिव्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे हेच झालं होतं. मुलगा पुण्याला, दर रविवारी रात्री व्हिडिओ कॉल. रविवारी रात्री सगळ्या बिल्डिंगचेच मुलगे पुण्याहून फोन करत असतात, त्यामुळे काकूंना त्याचा चेहरा चौकटी-चौकटींतच दिसायचा. काकांनी मला बोलावलं. राउटर कूलरमागून काढून बैठकीत कपाटावर ठेवला, वायर तेवढी वाढवून घेतली, आणि काकांचा मोबाइल वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडून दिला. या लहरी भिंतीपुढे लवकर हात टेकतात. भरल्या बिल्डिंगीत हाच त्यांचा गुण, शेजाऱ्यांच्याही आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

रविवारी मी मुद्दाम थांबलो. मुलगा आला तो लख्ख. मागच्या भिंतीची उडालेली पोपडीसुद्धा दिसत होती. मी काकूंकडे बघितलं. त्या चष्मा पुसून पुन्हा बघत होत्या.

"पार सुकला वो हा. डोळे पाहा कसे आत गेले. काहून रे, जेवत नाहीस का?"

तो हसला, कामाचं काहीतरी बोलला. काका म्हणाले, "आधी भरलेला दिसे बाप्पा." मी चहा पिऊन उठलो.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, तो नुसता आवाजाचा. काकांनी मला वर बोलावून विचारलं, नेट गेलं का? मी तपासलं. नेट जोरात होतं.