बॅकअप झाला, पण आवाज कुठे आहेत?

आयपॅड एका लहान मुलाचा. तो बोलत नाही. बोलण्यासाठीच्या एका अ‍ॅपमध्ये चित्राच्या बटणावर बोट ठेवतो आणि आईच्या आवाजात शब्द ऐकू येतो. पाणी, नको, बाहेर, दुखतंय. असे ३४० शब्द, सगळे आईनेच रेकॉर्ड केलेले. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली म्हणून नवा विंडोज लॅपटॉप घेतला. त्याला आयपॅड लावून गाण्यांच्या सिंकवर टिक केली, तर आयट्यून्स (कॉम्प्युटरवरून आयपॅड आणि गाणी सांभाळणारा अ‍ॅपलचा प्रोग्रॅम) विचारू लागलं : हा आयपॅड दुसऱ्या लायब्ररीशी सिंक झालेला आहे, पुसून या लायब्ररीशी सिंक करू का? मुलाच्या आईने, म्हणजे ताईंनी, कॅन्सल दाबलं आणि तडक माझ्याकडे आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "दादा, मध्यंतरी एकदा सगळी बटणं मुकी झाली होती. मग मी बसून सगळे आवाज परत भरले." मी म्हटलं, व्हॉल्यूम बंद राहिला असेल. हे माझं वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांची निम्मी भीती त्यांची गल्लत केल्यामुळे असते. सिंक म्हणजे कॉम्प्युटरच्या लायब्ररीत जे आहे ते आयपॅडवर उतरवणं. लायब्ररी बदलली की आधीच्या लायब्ररीतून आलेली गाणी, चित्रपट पुसले जातात. २०१७ मध्ये आयट्यून्स १२.७ येईपर्यंत अ‍ॅपसुद्धा या सिंकमध्ये असायची आणि अ‍ॅप गेलं की त्याचा डेटाही जायचा. जुने सल्ले इतके घाबरवणारे आहेत ते त्यामुळे. आता अ‍ॅप सिंकमध्ये येत नाहीत. नुसता बॅकअप घेताना तर आयपॅडवरचं काहीच पुसलं जात नाही, तो नव्या कॉम्प्युटरवरही बिनधास्त घ्यावा.

आयपॅड जोडण्याआधी आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हायसेसखाली आपोआप सिंक रोखण्याची टिक लावली. आयपॅडवर 'ट्रस्ट' दाबून पासकोड दिला. बॅकअपच्या पानावर पाहतो तर 'एनक्रिप्ट लोकल बॅकअप'ची, म्हणजे बॅकअपला पासवर्डचं कुलूप घालण्याची, टिक आधीपासूनच लागलेली, आणि काढायला गेलं की पासवर्ड मागते. हा पासवर्ड कॉम्प्युटरवर नसतो, आयपॅडमध्ये असतो. म्हणून लॅपटॉप कोरा असला तरी सुटका नाही. असा बॅकअप 'पूर्ण झाला' म्हणतो, तारीखही दाखवतो, पण पासवर्ड आठवत नसेल तर तो कधीच उघडत नाही. ताईंना आठवत नव्हता.

आयओएस ११ पासून यावर उपाय आहे : सेटिंग्ज, जनरल, रीसेट (आयपॅडओएस १५ पासून आधी 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयपॅड', मग रीसेट), त्यात 'रीसेट ऑल सेटिंग्ज'. तिथलाच 'इरेज ऑल कंटेंट' चुकूनही दाबायचा नाही. अ‍ॅपचा डेटा राहतो, बॅकअपचा पासवर्ड निघून जातो. मात्र वाय-फाय, वॉलपेपर आणि होम स्क्रीनची मांडणीही जाते. बाकी कुणाला मांडणीचं काही वाटणार नाही, पण या मुलाचं बोट सवयीने उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या आयकॉनवर जातं. म्हणून आधी प्रत्येक पानाचे फोटो काढले, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्ज कागदावर उतरवल्या आणि मगच रीसेट केलं.

त्यानंतर पहिला बॅकअप मुद्दाम एनक्रिप्ट न करता घेतला. त्यात सेव्ह केलेले पासवर्ड येत नाहीत, पण आत डोकावता येतं. आयट्यून्स अ‍ॅपलच्या संकेतस्थळावरून घेतलं असेल तर बॅकअप अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये अ‍ॅपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप या फोल्डरात पडतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलं असेल तर युजरच्या फोल्डरातल्या अ‍ॅपल फोल्डरात. आत ०० पासून एफएफपर्यंत फोल्डर आणि चाळीस अक्षरी नावांच्या हजारो फायली. नुसतं बघून काही कळत नाही. कोणती फाइल कोणत्या अ‍ॅपची, हे मॅनिफेस्ट.डीबीमध्ये लिहिलेलं असतं. त्याची प्रत काढून एसक्यूलाइट डेटाबेस वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि फाइल्सच्या तक्त्यात त्या अ‍ॅपचं डोमेन, म्हणजे त्याच्या फायलींचा गट, शोधला. चित्रं होती. पानांची रचना होती. आवाजाची एकही फाइल नव्हती.

दोन शक्यता होत्या. एक, अ‍ॅप बनवणाऱ्याने त्या फायलींवर 'बॅकअप घेऊ नये' अशी खूण केली असेल. दुसरी, त्याने आवाज कॅशेस या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात ठेवले असतील. कॅशेस बॅकअपमध्ये येतच नाही आणि जागा फार कमी पडली की सिस्टिम ते स्वतःहून रिकामं करू शकते. तिथे फक्त पुन्हा डाउनलोड करता येईल असा माल ठेवायचा असतो. तेव्हा मला ती मुकी बटणं आठवली. विचारलं, त्या वेळी स्टोरेज भरल्याचा मेसेज येत होता का? "हो, व्हिडिओ फार झाले होते." म्हणजे कॅशेसच. आवाजांचा पहिला संच सिस्टिमने पुसला होता, आणि ताईंनी पुन्हा भरलेला दुसरा संचही तिथेच पडून होता. ३२ जीबीच्या आयपॅडवर त्या क्षणी जेमतेम एक जीबी मोकळं होतं. आईचा आवाज कॅशेसमध्ये ठेवणाऱ्याला काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही.

आधी फोटो आणि व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवले, ते उघडतात याची खात्री केली आणि आयपॅडवरून काढून नऊ जीबी जागा केली. मग अ‍ॅपमधूनच पूर्ण बोर्ड, म्हणजे सगळ्या बटणांचा संच, एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट केला. ती फाइल आयट्यून्सच्या फाइल शेअरिंगमधून लॅपटॉपवर घेतली, एक प्रत पेन ड्राइव्हवर टाकली. पहिला बॅकअप दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला, कारण त्याच आयपॅडचा पुढचा बॅकअप त्याच फोल्डरावर लिहिला जातो. त्यानंतर नवा पासवर्ड देऊन एनक्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ताईंनी त्यांच्या वहीत लिहिला.

गाण्यांसाठी जुन्या डिस्कवरून आयट्यून्सचं पूर्ण फोल्डर, त्यातल्या लायब्ररीची नोंद असलेल्या .आयटीएल फाइलसकट, नव्या लॅपटॉपवर आणलं आणि शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडताना तेच निवडलं. लायब्ररी तीच असल्यामुळे पुसण्याचा प्रश्न पुन्हा आला नाही.

शेवटी एका रिकाम्या आयपॅडवर ते अ‍ॅप टाकून एक्स्पोर्टची फाइल उघडली. ताई एकेक बटण दाबत गेल्या, मी वहीत खुणा करत गेलो. ३४० पैकी ३४० बोलली. दोन तास लागले.

त्याआधीच्या महिन्यात मी चार आयपॅड नव्या कॉम्प्युटरवर लावून दिले होते आणि चौघांनाही बॅकअपची तारीख दाखवून "सगळं आलंय" असं सांगितलं होतं. मॅनिफेस्ट एकाचाही उघडला नव्हता. तिघांना फोन झाला, चौथ्यांचा लागत नाही.