पॅचच्या पोटातल्या फाइली

विंडोजवरच्या सॉफ्टवेअरचा पॅच येतो, एमएसपी नावाची छोटीशी फाइल. बसवायची घाई नसते. आत काय बदललं एवढंच बघायचं असतं. पहिला मोह ती सेव्हन-झिप या फाइली सोडवणाऱ्या प्रोग्रामने उघडण्याचा. उघडतेही बिचारी. आतलं कॅबिनेट, म्हणजे फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं, सुटतं, फाइलीही निघतात, पण नावं भलतीच. ती नावं म्हणजे इन्स्टॉलरच्या 'फाइल' नावाच्या टेबलातली (तक्त्यातली) की, प्रत्येक ओळीची ओळखखूण. खरं नाव शेजारच्या रकान्यात, तेही आधी आखूड रूप, मग उभी रेघ, मग पूर्ण नाव. एमएसपीची रचना ओएलई प्रकारची, एका फाइलीत अनेक कप्पे ठेवणारी. ती वाचणाऱ्या साध्या प्रोग्रामने पाहिलं तर या कप्प्यांची, म्हणजे स्ट्रीमची, नावं चक्क चिनी दिसतात. फाइल बिघडलेली नसते. विंडोज इन्स्टॉलर दोन अक्षरं एका युनिकोड चिन्हात कोंबतो, इतकंच.

खरी अडचण पुढे. काही फाइली अख्ख्या असतात, त्या सुखाने घ्याव्यात. बाकीच्यांच्या सुरुवातीला 'पीए19' अशी खूण दिसली की समजावं, ही फाइल नाही, फरक आहे. पुस्तकाशिवाय शुद्धिपत्र हाती यावं तसं: 'पान 42, ओळ 7, अमुकऐवजी तमुक वाचावे.' वाचा म्हणे! मूळ फाइल हवीच, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बसवलं जातं तो मूळ एमएसआय हवा, आणि तोही पॅचला हवा असलेल्याच आवृत्तीचा. दुसराच दिला तर 1642 हा त्रुटी क्रमांक येतो. लोक त्यावर पॅच पुन्हा डाउनलोड करतात. दोष मात्र बहुधा एमएसआयच्या आवृत्तीत असतो.

म्हणून अ‍ॅडमिन इन्स्टॉलचा रस्ता मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एमएसआयएक्झेक या विंडोजच्याच इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामला '/ए' देऊन मूळ एमएसआय एका फोल्डरमध्ये सोडवायचा. त्या फोल्डरचा पत्ता टार्गेटडिरमध्ये, ड्राइव्हपासून पूर्ण द्यावा. सॉफ्टवेअर नोंदवलं जात नाही, फाइली नुसत्या मांडल्या जातात. फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवायची. मग '/पी' पुढे पॅच आणि '/ए' पुढे त्या फोल्डरमधला एमएसआय देऊन दुसरी फेरी. कमांड प्रॉम्प्टवर हाताने आज्ञा देताना 'स्टार्ट /वेट' विसरू नये. एमएसआयएक्झेक खिडकीवाला प्रोग्राम असल्यामुळे प्रॉम्प्ट त्याच्यासाठी थांबत नाही आणि आपण अर्धवट फोल्डरची तुलना करत बसतो. शेवटी दोन्ही फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून ताडायचा. तारखांवर विसंबू नये.

फाइली नकोत, नुसती यादी हवी असेल तर ट्रान्सफॉर्मकडे, म्हणजे एमएसआयच्या टेबलांत काय बदलायचं ते सांगणाऱ्या भागांकडे, वळावं. एमएसपीत ते सहसा जोडीने असतात. एकाच्या नावाआधी '#' असतो. पहिला उत्पादनातले बदल सांगतो, '#'वाला पॅचचं मीडिया, म्हणजे त्यातल्या फाइलींच्या गाठोड्याची नोंद, आणि फाइलींचे नवे क्रमांक. एमएसआयची प्रत स्क्रिप्टने ट्रान्झॅक्ट मोडमध्ये (बदल तात्पुरते ठेवणाऱ्या) उघडून दोन्ही लावायचे, कमिट, म्हणजे बदल पक्के, करायचं नाही. त्या मीडियाच्या क्रमांकात बसणाऱ्या फाइल टेबलातल्या ओळी म्हणजे अख्ख्या बदललेल्या फाइली. फरकाच्या रूपात येणाऱ्या फाइली 'पॅच' नावाच्या टेबलात सापडतात. टेबल वाचायला उघडलेला व्ह्यू (प्रश्नाचा निकाल) बंद केला नाही तर फाइल कुलूपबंद राहते आणि पुढची पायरी उगाच अडते.

पॅच अनेक असतील तर एकेक करून, प्रकाशनाच्या क्रमाने. प्रत्येकानंतर नवी प्रत काढली तर कोणती फाइल कोणत्या पॅचने बदलली तेही कळतं. तुलनेत एमएसआय स्वतःही बदललेला दिसेल, कारण पॅच त्याच्यातही लिहितो. ती ओळ गाळावी. आणि बसवताना कस्टम अ‍ॅक्शन, म्हणजे इन्स्टॉलरमध्ये निर्मात्याने घातलेल्या खास आज्ञा, ज्या फाइली तयार करतात, त्या यात कुठेच दिसणार नाहीत.